गायिकेचा आवाज आणि बँडची पट्टी

जॅझ गायिका अनेकदा दर कार्यक्रमात नव्या बँडबरोबर गाते. तेव्हा पहिला प्रश्न पट्टीचा असतो. हार्मोनियमवर आपण 'काळी एक' किंवा 'काळी पाच' ठरवतो, तसाच.

पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे 12 समान अर्धस्वर असतात. प्रत्येक अर्धस्वराला वारंवारता सुमारे 1.0595 पट होते. 440 हर्ट्‌झचा स्वर 3 अर्धस्वर उतरवला की सुमारे 370 हर्ट्‌झ होतो. गाण्यातले सगळे स्वर याच प्रमाणात उतरतात. गुणोत्तरे तीच राहतात, म्हणून चाल बदलत नाही.

उषा उत्थुप यांचे उदाहरण पाहा. जन्म मुंबई, 1947. जाड आवाजामुळे शाळेच्या संगीतवर्गातून त्यांना बाहेर काढले गेले. पुढे त्या मद्रास व कलकत्त्याच्या नाइटक्लबांत बँडबरोबर गायल्या. दिल्लीच्या ओबेरॉय हॉटेलात चित्रपटवाल्यांनी त्यांना ऐकले आणि 'हरे रामा हरे कृष्णा' (1971) या चित्रपटात त्यांचा आवाज आला. 2024 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झाले.

वर्गात सर्वांची पट्टी एकच असते. बँड मात्र गायिकेसाठी पट्टी बदलू शकतो. त्यामुळे जाड आवाज हा दोष ठरत नाही.

स्वाध्याय: 440 हर्ट्‌झचा स्वर 5 अर्धस्वर उतरवल्यास वारंवारता किती होईल?