गोड्यातून खाऱ्यात, खाऱ्यातून गोड्यात

अमानो कोळंबी ही घरगुती मत्स्यालयातील शेवाळ फस्त करणारी म्हणून जगभर लोकप्रिय असली, तरी विक्रीला येणारी बहुतेक अमानो कोळंबी आजही निसर्गातून पकडून आणलेली असते. ती टाकीत अंडी धरते, अंडी फुटून पिल्लेही बाहेर येतात. मात्र त्यांतले एकही पिल्लू जगवायचे तर त्याचे पाणी दोनदा बदलून द्यावे लागते, आणि या दोन बदलांच्या वेळा साधणे हेच तिच्या पैदाशीतील खरे कौशल्य होय.

जपान व तैवानमधील ओढ्यांत राहणाऱ्या या जातीचे वर्णन विल्यम स्टिम्पसन यांनी १८६० मध्ये कॅरिडिना मल्टिडेंटाटा या नावाने केले होते. पुढे ती दीर्घकाळ कॅरिडिना जॅपोनिका म्हणून ओळखली गेली आणि २००६ मध्ये दोन्ही नावे एकाच जातीची ठरल्यावर जुने नाव पुन्हा लागू झाले. शौकीन मंडळींना या नावांशी कर्तव्य नसते. निगाता येथील छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी १९८० च्या दशकात पाणवनस्पतींनी सजवलेल्या टाक्यांत तिचा वापर सुरू केला, म्हणून तिला त्यांचेच नाव चिकटले.

तांबड्या चेरी कोळंबीची मादी वीस-तीस मोठी अंडी पोटाखाली वागवते आणि त्यांतून आईबापांसारखीच दिसणारी चिमुकली कोळंबी बाहेर पडते, त्यामुळे तिची वीण नवख्याच्या टाकीतही आपसूक वाढते. अमानोची तऱ्हा वेगळी आहे. तिची मादी एका खेपेस हजार ते तीन हजार बारीक अंडी धरते, ती सुमारे चार ते सहा आठवडे पोटाखालच्या पायांनी हलवत राहते आणि अखेर त्यांतून जे बाहेर पडतात ते डिंभक, म्हणजे प्रौढाशी साम्य नसलेले, पाण्यात तरंगत वाढणारे बाल्यरूप, असतात. जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचे हे डिंभक निसर्गात ओढ्याच्या प्रवाहाबरोबर समुद्रात जातात, तेथे वाढतात आणि कोळंबीचा आकार आल्यावर प्रवाहाविरुद्ध, ओल्या खडकांवरून चढत गोड्या पाण्यात परततात. गोड्या पाण्यातच अडकून पडल्यास ते काही दिवसांतच मरतात.

घरी हा प्रवास घडवायचा तर अंड्यांकडे बारकाईने पाहावे लागते. सुरुवातीस गडद दिसणारी अंडी फिकट तपकिरी झाली आणि त्यांत डोळ्यांचे काळे ठिपके उमटले की मादीला मासे नसलेल्या, गोड्या पाण्याच्या लहान टाकीत हलवावे. अंडी बहुधा रात्री फुटतात. त्यानंतर मादीला मूळ टाकीत परत सोडून खोलीतील दिवे मालवावेत व टाकीच्या एका कोपऱ्याशी विजेरी धरावी; डिंभक प्रकाशाकडे ओढले जात असल्याने काही मिनिटांतच त्या कोपऱ्यात डोके खाली आणि शेपूट वर अशा अवस्थेत झटके देत पोहणाऱ्या शेकडो ठिपक्यांचा पुंजका जमतो. जाळीने त्यांना उचलणे म्हणजे निम्मे चिरडणे. त्याऐवजी हवेच्या पंपाची बारीक नळी सायफनसारखी लावून त्यांना पाण्यासकट भांड्यात ओढून घ्यावे आणि एक-दोन दिवसांच्या आत खाऱ्या टाकीत सोडावे. या वयात पाण्यातील एवढा मोठा बदल ते एकदम सोसतात.

खारी टाकी आधीच तयार हवी. तिच्यात दर लिटरला साधारण ३० ते ३५ ग्रॅम क्षार असावेत आणि ते सागरी मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या क्षारमिश्रणाचे असावेत, कारण स्वयंपाकाच्या मिठात मॅग्नेशियम व कॅल्शियम यांचे समुद्रातील प्रमाण नसते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावरील शौकिनाला गाळलेले समुद्राचे पाणी चालेल, पण ते खाडीच्या तोंडाशी, त्यातही पावसाळ्यात भरू नये. त्या दिवसांत त्याची क्षारता फार उतरलेली असते. फिल्टर डिंभकांना ओढून घेतो, म्हणून संथ बुडबुडे सोडणारी उघडी नळी पुरे. अन्न म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिस, टेट्रासेल्मिस यांसारखी सूक्ष्म शैवाले, जी जिवंत राहावीत यासाठी दिवा बराच काळ चालू ठेवतात. पाणी आटते तेव्हा क्षार मागे उरतात, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याचीच.

दुसरा बदल पहिल्याहून फसवा आहे, कारण सगळे डिंभक एकाच दिवशी रूप पालटत नाहीत. साधारण महिन्याभरानंतर काही जण आडवे होऊन पुढच्या दिशेने पोहू लागतात, काचेला चिकटून बसतात, अंगावरील नारिंगी झाक जाऊन पारदर्शक होतात. इतर मात्र आणखी कित्येक आठवडे उलटेच लटकत असतात. रूप पालटलेल्यांना काही दिवसांत गोड्या पाण्यात न्यावे लागते, तर मागे राहिलेल्यांना त्या पाण्यात टाकणे म्हणजे मारणे, म्हणून रोज काच न्याहाळून एकेकाला नळीने वेचण्याला पर्याय नाही. घाईने सगळ्यांना एकदम हलवल्यामुळेच अनेकांची मेहनत पाण्यात जाते.

खाण्यासाठी वाढवल्या जाणाऱ्या, गोड्या पाण्यातील जम्बो कोळंबीचे कोडेही याच प्रकारचे होते. तिच्या डिंभकांना निमखारे पाणी लागते, हे शाओ-वेन लिंग यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस मलेशियातील पेनांग येथे शोधले आणि त्यावरच पुढची बीजनिर्मिती केंद्रे उभी राहिली.

यशस्वी खेप मात्र टाकीत मावेनाशी होते, आणि जास्तीची कोळंबी जवळच्या ओढ्यात सोडण्याचा मोह पडतो. कोकणातल्या नद्या थोड्याच अंतरात समुद्राला मिळतात, म्हणजे या परक्या जातीला हवा असलेला मार्ग तेथे आयताच आहे, आणि त्या ओढ्यांत कॅरिडिना प्रजातीतील स्थानिक कोळंबी आधीच नांदते आहे. तेव्हा वाढलेली पिल्ले दुसऱ्या शौकिनाला द्यावीत किंवा दुकानदाराकडे सोपवावीत. ओढ्यात, विहिरीत वा गटारात ती कधीही सोडू नयेत.