लिंग्वास संचिका

लिंग्वास संचिका ही संगणकीय आज्ञावलीच्या बांधणीसाठी वापरली जाणारी एक छोटी विन्यास संचिका होय. बांधणी म्हणजे स्रोत-संहितेपासून संगणकावर चालू शकेल अशी आज्ञावली तयार करणे. ही आज्ञावली कोणकोणत्या भाषांसह तयार करावयाची, त्या भाषांच्या संकेतांची यादी लिंग्वास संचिकेत असते. ग्नू गेटटेक्स्ट या भाषांतर-व्यवस्थेचा वापर करणाऱ्या मुक्त आज्ञावल्यांत, उदाहरणार्थ ग्नोम प्रकल्पात, ती 'पीओ' नावाच्या फोल्डरमध्ये आढळते.

कार्य

प्रत्येक भाषेचे भाषांतर स्वतंत्र संचिकेत असते व संचिकेचे नाव त्या भाषेच्या संकेतावरून ठेवतात. मराठीचा संकेत 'एमआर' आहे. बांधणीच्या वेळी यादीतील भाषांचीच भाषांतरे यंत्रास वाचता येतील अशा रूपात बदलली जातात. यादीत संकेत नसल्यास, भाषांतर पूर्ण असूनही ते वापरकर्त्यापर्यंत पोहोचत नाही. बांधणी मात्र निर्वेध पार पडते. हजेरीपटात नाव नसलेला विद्यार्थी वर्गात बसलेला असावा, तसाच हा प्रकार. म्हणून अशी चूक पुष्कळदा उशिरा लक्षात येते.

पूर्वी ही यादी 'कॉन्फिगर' लिपी तयार करणाऱ्या मूळ संचिकेतच, 'ऑल लिंग्वास' या चलात लिहीत. एक भाषा वाढवायची तरी ती लिपी पुन्हा निर्माण करावी लागे. यादी वेगळी झाल्यामुळे प्रोग्रामिंग न जाणणाऱ्या भाषांतरकारालाही आपल्या भाषेची नोंद करता येऊ लागली. हा लाभ छोट्या भाषांना विशेष आहे.

अहिराणीच्या संदर्भात

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांत व नाशिक जिल्ह्याच्या काही भागांत बोलल्या जाणाऱ्या अहिराणीला दोन अक्षरी संकेत नाही. आयएसओ ६३९-३ या मानकात तिला 'एएचआर' हा तीन अक्षरी संकेत आहे. त्याच मानकात 'खानदेशी' या नावाने 'केएचएन' अशी निराळी नोंद असल्याने भाषांतरकाराने आधीच एक संकेत निश्चित करणे इष्ट. यादीतील संकेत आणि संचिकेचे नाव यांचा मेळ न बसल्यास बांधणी अडू शकते.

लिनक्सवर अहिराणीचे स्वतंत्र लोकेल उपलब्ध नसले तरी वाट बंद होत नाही. मराठी लोकेल ठेवून 'लँग्वेज' या चलात प्रथम 'एएचआर' व नंतर 'एमआर' असा क्रम देता येतो. मग अहिराणीत नसलेले वाक्य मराठीत दिसते, आणि दोन्हींत नसेल तरच मूळ, बहुधा इंग्रजी, वाक्य पडद्यावर येते.