खेळाचा तास केव्हा असावा?

तुमच्या वेळापत्रकात खेळाचा तास कोठे आहे, ते एकदा पाहा. गणिताला सकाळचे ताजे डोके हवे, विज्ञानाला प्रयोगशाळा मोकळी हवी. मग जी जागा उरेल तेथे पी.टी.चा तास बसवला जातो. दहावीच्या वर्गात अभ्यासक्रम मागे पडला की पहिल्यांदा जातो तोही हाच तास! वास्तविक 'आरोग्य व शारीरिक शिक्षण' हा आपल्या शालेय अभ्यासक्रमातला रीतसर विषय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी अंग घामेजेल अशी हालचाल करावी. प्रत्यक्षात २०१६ सालच्या जागतिक आकडेवारीत ११ ते १७ वयोगटातील मुलग्यांपैकी शेकडा ७७.६ जणांची हालचाल याहून कमी भरली.

तेव्हा खेळाचा तास हवाच. पण तो दिवसाच्या कोणत्या वेळी असावा? हा प्रश्न पदार्थविज्ञानाचा आहे, असे म्हटले तर तुम्हाला नवल वाटेल. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे गाव डोळ्यांपुढे आणा. आसपास कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांची रांग, आणि उन्हाळा असा की पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली. तीत घुग्घुससह चंद्रपूरचा पट्टा ८३.८८ गुण मिळवून देशात चौथा आला. हे गुण प्रदूषणाचे, म्हणून नंबर वरचा आला याचा आनंद मानायचे कारण नाही! अशा गावी मुलांच्या शाळेतील कबड्डीचा डाव केव्हा रंगावा, ते आता आपण गणिताने ठरवू.

शरीर नावाचे इंजिन

समजा, ४५ किलो वजनाचा एक मुलगा ३५ मिनिटांचा पूर्ण तास जोराने धावतो-खेळतो. या वेळात त्याचे शरीर सुमारे २१० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करते. आपले स्नायू यातील फार तर एक चतुर्थांश ऊर्जा कामाला लावतात. उरलेली सुमारे १६० किलोकॅलरी उष्णता होते. ही उष्णता अंगातच कोंडली तर? शरीराची विशिष्ट उष्णता सुमारे ०.८३ धरा. ४५ ला ०.८३ ने गुणले की ३७ येतात. म्हणजे दर ३७ किलोकॅलरींना तापमान एक अंशाने वाढेल. १६० ला ३७ ने भागून पाहा: चार अंशांहून अधिक! ३७ अंशांचे शरीर ४१ च्या पुढे जाईल, आणि ते जिवावर बेतेल.

तसे होत नाही, कारण आपल्याला घाम येतो. एक ग्रॅम घामाची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून घेतली जाते. यालाच आपण बाष्पनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. १६० किलोकॅलरी बाहेर टाकायला सुमारे २७५ ग्रॅम घाम वाळावा लागतो. एका तासिकेत पाव लिटरहून अधिक पाणी गेले! म्हणून खेळाआधी आणि खेळानंतर पाणी प्यायलाच हवे.

येथे 'वाळावा' हा शब्द महत्त्वाचा आहे. जमिनीवर ठिबकलेला घाम अंगाला गारवा देत नाही. पावसाळ्यात हवा दमट असते आणि घाम वाळत नाही. त्यामुळे तापमापक ३३ अंश दाखवीत असला तरी जीव कासावीस होतो. उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत घाम भराभर वाळतो. पण हवा कातडीपेक्षा गरम झाली की ती उलट आपल्यालाच तापवते. त्यातून वरचे ऊन आहेच. म्हणून उन्हाळ्यात खेळाचा तास सकाळच्या शाळेत अगदी पहिला असावा.

पहाटेची हवा शुद्ध?

मग बाराही महिने सकाळच बरी, असे तुम्ही म्हणाल. आपल्या आखाड्यांचा रिवाजही पहाटेचाच. पण घुग्घुससारख्या गावी थंडीत हा नियम उलटतो.

एरवी जमिनीलगतची हवा गरम असते. ती वर चढते आणि धूर-धूळ वर नेऊन पांगवते. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात टाकून थंड होते. तिला लागून असलेली हवाही थंड व जड होते आणि गरम हवेचा थर तिच्यावर झाकणासारखा बसतो. ही तापमानाची विपरीतता होय. मग शेगड्यांचा धूर, ट्रकांनी उडवलेली धूळ, सारे या झाकणाखाली कोंडते. ऊन चांगले तापले की झाकण मोडते.

आता पुन्हा थोडे गणित. बाकावर बसलेला मुलगा मिनिटाला सुमारे ८ लिटर हवा घेतो. धावताना ६० लिटर. ३५ मिनिटांत हे अनुक्रमे २८० आणि २,१०० लिटर होतात. एक घनमीटर हवेत १० मायक्रॉनपर्यंतच्या धुळीचे १०० मायक्रोग्रॅम असले, तर बसलेल्याच्या श्वासात २८ मायक्रोग्रॅम धूळ जाईल आणि खेळणाऱ्याच्या श्वासात २१०, म्हणजे साडेसातपट! ही १०० ची पातळी आपल्या देशाच्या मानकाप्रमाणे २४ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे. शिवाय धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे नाकातील केसांची व ओलाव्याची चाळणी चुकते. २.५ मायक्रॉनहून बारीक कण तर थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

म्हणून खेळ बंद करावा काय? मुळीच नाही! तास तेवढा हलवावा. नोव्हेंबर ते जानेवारी तो दुपारी ठेवावा. तेव्हा ऊन सोसण्याजोगे असते आणि हवाही मोकळी झालेली असते. पावसाळ्यात पावसाने धूळ बसते, पण दमटपणा असतो. तेव्हा दर दहा मिनिटांनी सावलीत विसावा घ्यावा.

तुम्ही हे करून पाहा

प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक मैदानाजवळ सावलीत टांगा. एकाच्या फुग्यावर ओले मलमल गुंडाळून त्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडा. ओल्या तापमापकाचा आकडा कोरड्याच्या जवळ आला, तर घाम वाळणे कठीण आहे असे समजा. ओला आकडाच ३० च्या आसपास पोचला, तर त्या दिवशी धावणे सोडून सावलीत बैठे खेळ खेळा. थंडीत सकाळी ७, १० आणि दुपारी १ वाजता शेगडीचा किंवा धुराड्याचा धूर पाहा. तो चादरीसारखा आडवा पसरतो की सरळ वर जातो? महिनाभर नोंद ठेवून आलेख काढा.

मग तो आलेख घेऊन पी.टी.च्या सरांकडे जा, आणि सरांसह मुख्याध्यापकांकडे. शिक्षकबंधूंना विनंती ही, की आलेख पाहिल्यावर वर्षातून तीनदा वेळापत्रक बदलण्याची तसदी घ्यावी. मैदानावर आपली मुले काय श्वासात घेतात याचा हिशेब कोणीतरी मांडायला हवा. तो मुलांनी स्वतः मांडला, तर आरोग्याचा त्याहून चांगला धडा कोणता?