विमा आहे, पण बांधावर काय?

समजा, तुमच्या डिपार्टमेंटला जर्मनीहून एक संशोधक आली आहे. तिला राजगडाच्या पायथ्याच्या गावांचा अभ्यास करायचाय आणि दुभाषी म्हणून सरांनी तुम्हाला सोबत पाठवलंय. जुलै २०२५ मध्ये राजगड ‘युनेस्को’च्या जागतिक वारसा यादीत गेला. त्यामुळे भोर-वेल्ह्यात असे पाहुणे वाढले तर नवल नाही. तर, दिवस पावसाचे, भाताची खाचरं भरलेली आणि बांधावरून चालताना तिच्या पायाला साप चावतो. आता काय कराल?

‘तिचा इन्शुरन्स आहे ना!’ हे उत्तर इथं चालत नाही. विमा बिल भरतो, बांधावरून उचलून नेत नाही. आधी १०८ ला फोन करा. ही अँब्युलन्स मोफत आहे. जखम कापू नका, चोखू नका, करकचून दोरी बांधू नका. पाय हलू देऊ नका. सर्पदंशावरचं इंजेक्शन सरकारी रुग्णालयात मिळतं, त्यामुळे पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलचा हट्ट धरून वेळ घालवू नका. तिच्यावर उपचार सुरू झाले, की विमा कंपनीला कळवा. प्रत्येक कागद जपून ठेवा.

आता पैशांचं. आपल्याकडची महात्मा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे, पाहुण्यांसाठी नाही. ‘आयसीसीआर’च्या शिष्यवृत्तीवर येणाऱ्यांना वर्षाला किमान ५ लाखांचा आरोग्य विमा घ्यावा लागतो. पण रक्कम पाहून थांबू नका. बऱ्याच प्रवास विम्यांत साहसी खेळ वगळलेले असतात. मग अभ्यासासाठी गड चढणं हे काम धरायचं की ट्रेकिंग? हा प्रश्न निघण्याआधी कंपनीला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

उद्या पाहुणे तुम्हीही असाल. ‘जे-१’ व्हिसावर अमेरिकेत संशोधनाला गेलात, तर प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं. उपचारांसाठी मायदेशी हलवण्याचा खर्च किमान ५०,००० डॉलरपर्यंत मिळायला हवा. ‘डिडक्टिबल’, म्हणजे आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, ५०० डॉलरपेक्षा जास्त चालत नाही. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा विमा मागतात.

आकडे वेगळे, पण प्रश्न तेच: काय वगळलंय? फोन कुणाला करायचा? जवळचं हॉस्पिटल कुठलं? फील्डवर निघायच्या आदल्या रात्री ही तीन उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. वेल्ह्याच्या डोंगरात नेमकी रेंज जाते!