लढाईचा हिशेब कोण मागणार?

लढाईची बातमी आली की आपल्या घरांत काय होतं? टी.व्ही.चा आवाज वाढतो. देवापुढे एक दिवा जास्त लागतो. ज्या घरातला मुलगा फौजेत आहे, तिथं फोन उशाशी ठेवून कुणीतरी रात्रभर जागं असतं. नाक्यावर पुरुषमंडळी बोटानं हवेत नकाशे काढतात आणि अमक्या जनरलनं काय करायला हवं होतं ते एकमेकांना सांगतात. आणि आपण? आपण चहा ठेवतो!

मी पिंगुळीची. कुडाळला लागूनच असलेलं हे गाव. आमच्या बचत गटाच्या बैठकीत एकदा असाच लष्कराचा विषय निघाला, तेव्हा एक काकी चटकन म्हणाल्या, "लढाई तेंची, राजकारण तेंचा, आपल्याक काय करूचा आसा त्यात?" सगळ्या हसल्या. पण मैत्रिणींनो, खरंच आपल्याला काही करायचं नसतं का? लढाईत मुलं कोणाची जातात? आणि ती चुकीच्या हुकमानं, अपुऱ्या कपड्यांनिशी पुढे पाठवली गेली, तर विचारायचं कोणी?

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. १९६२ सालात जाऊ. तेव्हा आपला सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १९८१ साली झाला. आपण रत्नागिरी जिल्ह्यात होतो आणि राजापूर मतदारसंघातून वेंगुर्ल्याचे बॅ. नाथ पै लोकसभेवर निवडून जात होते. १९५७, १९६२ आणि १९६७ असं तीनदा लोकांनी त्यांना पाठवलं. ते विरोधी पक्षाचे. म्हणजे सरकारला प्रश्न विचारणारा माणूस आपल्या आज्यांनी मत देऊन दिल्लीला पाठवला होता.

बांगड्या दिल्या, स्वेटर विणले

२० ऑक्टोबर १९६२ ला चिनी फौजांनी मोठा हल्ला केला. नामका चू नदीच्या काठावर, बर्फाळ डोंगरात, आपले जवान सुती गणवेशात आणि कॅनव्हासच्या बुटांत उभे होते. दारूगोळा कमी, रस्ते नाहीत. त्यांच्या वरच्या कोअरचे प्रमुख जनरल कौल हल्ल्याच्या तोंडावरच आजारी पडून दिल्लीला गेले होते, आणि तिथूनच हुकूम सोडत होते.

इकडे देशभर बायकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीत अंगावरचं सोनं दिलं. जवानांसाठी लोकरीचे स्वेटर विणले. आपल्या आधीच्या पिढीतल्या बायकांना ते दिवस चांगले आठवत असत. कुणाच्या बांगड्या, कुणाच्या कुड्या! ज्या काळात बाईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच असे, तेव्हा तिनं ते दिलं. मग ज्या जवानासाठी ती रात्र रात्र सुया चालवत होती, त्याच्याकडे गरम कपडे आधीच का नव्हते, हा प्रश्न तिचाच नव्हता का?

खरं म्हणजे धोक्याची घंटा लोकसभेत आधीच वाजली होती. ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटेना म्हणून राजीनामा दिला. पंडित नेहरूंनी त्यांना तो मागे घ्यायला लावला आणि २ सप्टेंबरला लोकसभेत निवेदन केलं. लष्करावर लोकनियुक्त सरकारचाच अधिकार चालेल, असं त्यांनी ठणकावलं. ते तत्त्व बरोबरच होतं. पण मूळ दुखणं तसंच राहिलं. एप्रिल १९६१ मध्ये आचार्य कृपलानी यांनी सभागृहात मेनन यांच्यावर कडक टीका केली. मेनन यांच्यामुळे लष्करात गट पडले आहेत, मनोबल ढासळतं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत कृपलानी उत्तर मुंबईतून मेनन यांच्या विरोधात उभे राहिले आणि मोठ्या फरकानं पडले. मतदारांनी मेनन यांना निवडलं. आठ महिन्यांनी लढाई आली.

तोफा चालू असताना सभागृह भरलं

आता पुढचं बघा. लढाई पेटलेली आहे, तवांग हातातून गेलं आहे. अशा वेळी कुणी म्हटलं असतं, "आता गप्प बसा, नंतर बघू", तर ते लोकांना पटलंही असतं. पण अटलबिहारी वाजपेयी तेव्हा राज्यसभेचे तरुण सदस्य होते. त्यांनी संसदेचं अधिवेशन लवकर बोलवा अशी मागणी केली आणि नेहरूंनी ती मान्य केली! ८ नोव्हेंबरला अधिवेशन सुरू झालं. त्याच्या आदल्या दिवशी मेनन यांना मंत्रिमंडळातून जावं लागलं होतं. त्यांच्यावर विरोधकच काय, काँग्रेसचे स्वतःचे खासदारही चिडलेले होते.

एका खासदाराने सुचवलं की चर्चा बंद दाराआड करू. नेहरूंनी नाही म्हटलं. हा सगळ्या देशाचा प्रश्न आहे, लोकांना कळू दे, असा त्यांचा सूर होता. मग लोकसभेत १६५ सदस्य बोलले. काहीजण पंतप्रधानांना अगदी तोंडावर बोलले. १४ नोव्हेंबरला सगळ्यांनी उभं राहून ठराव मंजूर केला. बोलल्यामुळे देश फुटला का? नाही. उलट ठराव एकमताने झाला. घरातही तसंच असतं ना? मनातलं बोलून झालं, की मगच सगळे एका दिशेनं कामाला लागतात.

त्यानंतरही से ला आणि बोमडिला पडलंच. चर्चेनं लढाई जिंकता येत नाही, हे खरं. पण जबाबदारी कुणाची, हे ठरायला सुरुवात झाली. लष्करप्रमुख जनरल थापर पायउतार झाले, कौलही गेले. आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांना दिल्लीत बोलावून घेतलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा म्हटलं गेलं. २१ नोव्हेंबरला त्यांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, त्याच दिवशी चीननं एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सरकारी आकड्यांप्रमाणे १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले, ३,९६८ कैद झाले. 'बेपत्ता' या एका शब्दावर किती बायकांनी कुंकू लावावं की पुसावं या विचारात वर्षं काढली असतील, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

चव्हाणांच्या काळात चौकशी झाली. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी ती केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत निवेदन केलं. चौकशीनं पाच गोष्टी पाहिल्या होत्या: प्रशिक्षण, शस्त्रं आणि सामान, हुकमाची साखळी, जवानांची शारीरिक तयारी आणि अधिकाऱ्यांचा आपल्या माणसांवरचा प्रभाव. त्यांनी मान्य केलं, की उणिवा वरच्या पातळीवर जास्त दिसल्या. पुढे कुठली तुकडी कुठे ठेवायची, असल्या बारीक गोष्टींतही वरचे लष्करी अधिकारी ढवळाढवळ करत होते. म्हणजे दोष साध्या शिपायाचा नव्हता. त्याच्या आईला हे देशाच्या सभागृहातून ऐकायला मिळालं, ही गोष्ट लहान नाही.

पण मूळ अहवाल? तो सुरक्षेचं कारण देऊन प्रसिद्ध केला नाही. आज साठ वर्षं उलटून गेली, सरकारं आली-गेली, तरी तो अधिकृतपणे खुला झालेला नाही. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकारानं त्याचा काही भाग जगासमोर आणला, तेवढंच. हिशेब मागितला, पण वही काही हातात मिळाली नाही!

कालवणात मीठ किती जणींनी घालायचं?

याला दुसरी बाजूही आहे, तीही बघायला हवी. कालवणात प्रत्येक जाऊ येता-जाता मीठ टाकायला लागली तर ते तोंडात घालवेल का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात तिथल्या संसदेनं युद्धावर देखरेख करणारी समिती नेमली होती. एका पराभवानंतर त्या समितीनं जनरल स्टोन यांच्यावर संशय घेतला. फेब्रुवारी १८६२ मध्ये त्यांना अटक झाली आणि आरोपपत्राशिवाय सहा महिने डांबून ठेवलं. असं झालं तर कुठला सेनापती धडाडीनं निर्णय घेईल?

उलट ब्रिटनमध्ये मे १९४० मध्ये नॉर्वेतल्या अपयशावर संसदेत दोन दिवस चर्चा झाली. चेंबरलेन यांना २८१ विरुद्ध २०० मतं मिळाली. जिंकूनही ते इतके दुबळे ठरले, की दोन दिवसांत पायउतार झाले आणि चर्चिल आले. म्हणजे टेकडी कुठली घ्यायची ते सेनापतीनंच ठरवावं. पण सेनापती कोण, त्याला काय दिलं, त्यानं काय केलं, हे विचारायला सभागृह जागं हवं.

आणि सभागृहच नसेल तर? १९९९ च्या कारगिल युद्धाच्या वेळी लोकसभा २६ एप्रिललाच बरखास्त झाली होती. राज्यसभा मात्र कधी बरखास्त होत नाही, म्हणून विरोधकांनी तिचं खास अधिवेशन मागितलं. ते बोलावलं गेलं नाही. पंतप्रधान होते वाजपेयी, ज्यांनी १९६२ मध्ये स्वतःच अधिवेशन मागितलं होतं! खुर्ची बदलली की प्रश्न नकोसा होतो, मग पक्ष कुठलाही असो. पण पुढे एक चांगलं घडलं. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये, काही भाग वगळून का होईना, संसदेपुढे आला. २००१ मध्ये महालेखापरीक्षकांनी दाखवून दिलं, की युद्धासाठी घाईनं खरेदी केलेलं बहुतेक सामान युद्ध संपल्यावर पोचलं. ५२७ जवान गेल्यावर! अलीकडे, मे २०२५ च्या 'ऑपरेशन सिंदूर'वर जुलैअखेरीस संसदेत चर्चा झाली. त्या कारवाईची माहिती देशाला द्यायला कर्नल सोफिया कुरेशी आणि विंग कमांडर व्योमिका सिंह पुढे आल्या, तेव्हा आपल्याला केवढा अभिमान वाटला होता! आता माहिती देणाऱ्या बायका आहेत, तर माहिती विचारणाऱ्याही हव्यात.

आमच्या पिंगुळीत ठाकर समाजाची मंडळी चामड्याच्या बाहुल्या आणि चित्रकथीतून रामायण-महाभारत सांगत आली. याच कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. महाभारतातलं द्यूत आठवा. भर सभेत द्रौपदीनं रडण्याआधी एक प्रश्न विचारला होता: आधी स्वतःला हरलेल्याला मला पणाला लावायचा हक्क कुठला? भीष्म-द्रोण होते, तरी सभा गप्प राहिली. पुढचं सगळं कुरुक्षेत्र त्या गप्प बसण्यातून आलं.

मग आपण काय करायचं? आपल्या महिला ग्रामसभेत नळयोजनेचे पैसे कुठे गेले, हे आपण विचारतोच ना? तेच थोडं मोठं करायचं. खासदार गावात आले की रस्त्याबरोबर हेही विचारा, की संरक्षणावर तुम्ही सभागृहात काय बोललात? १९९३ पासून संसदेत संरक्षणाची स्थायी समिती आहे, तिच्यात आपल्या भागाचं कोण आहे? हे विचारल्यानं जवानाचा अपमान होत नाही. त्याच्या पायात बूट वेळेवर पोचावा, एवढाच त्याचा अर्थ आहे.

त्या काकींना मी आता एवढंच सांगेन, की काकी, आपल्याक करूचा आसा. ज्या घरातून सोनं गेलं, पोरगा गेला, त्या घरानं नाही विचारायचं, तर कुणी?