मुंबई ते जेद्दा : किती दूर, किती वेळ?

समजा, तुमचे आजोबा हजला निघाले आहेत. त्यांचे विमान मुंबईहून सकाळी १० वाजता सुटेल आणि दुपारी १२ वाजून ४५ मिनिटांनी जेद्दाला पोहोचेल, असे तिकिटावर छापले आहे. तुमची धाकटी बहीण बोटांवर मोजून म्हणते, "पावणेतीन तासांचा तर प्रवास! एक वाजता आजोबांचा फोन येईल."

एक वाजतो, दोन वाजतात, तीन वाजतात. फोन येत नाही. आजी काळजीत पडते. पण खरोखर काळजीचे कारण आहे का? चला, आपण हिशेब करून पाहू.

मुंबई ते जेद्दा हे सरळ हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर आहे. प्रवासी विमान उंचावर ताशी सुमारे ८५० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार करा. उत्तर चार तासांहून थोडे अधिक येते. मग पावणेतीन तासांत विमान पोहोचेल कसे? तिकीट चुकले का?

नाही. तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापतात. पृथ्वी एका तासात १५ अंश फिरते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते, तर सौदी अरेबियाची ४५ अंश पूर्व रेखांशावरून. फरक ३७.५ अंशांचा, म्हणजे अडीच तासांचा. जेद्दाला पाऊण वाजतो, तेव्हा आपल्याकडे सव्वातीन वाजलेले असतात. म्हणून हा प्रवास सव्वापाच तासांचा आहे.

तुम्ही विचाराल, "चार तासांचे सव्वापाच तास कसे झाले?" विमान आधी धावपट्टीपर्यंत सावकाश जाते. मग हळूहळू उंची गाठते आणि उतरण्यापूर्वी वेग कमी करते. त्याचा मार्गही अगदी सरळ नसतो. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते विमानाला अडवतात आणि येताना मदत करतात. वारा ताशी ५० किलोमीटर असला, तरी जाण्यायेण्यात सुमारे अर्ध्या तासाचा फरक पडतो.

पूर्वी हे अंतर कापायला फार दिवस लागत. १९९५ पर्यंत हजयात्रेकरू मुंबईहून जहाजानेही जात. जहाजाला अरबस्तानाला वळसा घालून, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरावे लागे. त्यामुळे तो मार्ग ४,२०० किलोमीटरांहून लांब होता. घरच्यांना खुशालीसाठी कित्येक दिवस वाट पाहावी लागे.

आता आजीला सांगा, "विमान सव्वातीनला उतरेल. मग पासपोर्टची तपासणी होईल, सामान मिळेल. थोडा धीर धरा, फोन नक्की येईल."

शब्दार्थ
प्रमाणवेळ – साऱ्या देशासाठी ठरवलेली एकच वेळ
वळसा घालणे – बाजूने फिरून जाणे
सामुद्रधुनी – दोन समुद्रांना जोडणारा पाण्याचा अरुंद भाग
खुशाली – सुखरूप असल्याची बातमी

स्वाध्याय
१. बहिणीचा हिशेब कोठे चुकला?
२. जहाजाचा मार्ग अधिक लांब का होता?
३. परतीचे विमान जेद्दाहून दुपारी २ वाजता सुटून मुंबईला रात्री ९ वाजून १५ मिनिटांनी पोहोचते. प्रवासाला किती वेळ लागला?