तिकिटावरील ००:२० म्हणजे कोणती रात्र?

कुंभकोणम (तमिळनाडू) : दर बारा वर्षांनी येथे भरणारा महामहम उत्सव यापूर्वी फेब्रुवारी २०१६ मध्ये झाला, पुढील २०२८ मध्ये अपेक्षित आहे. रेल्वेने येणाऱ्या भाविकांनी तिकिटावरील वेळ नीट वाचायला हवी.

भारतीय रेल्वे २४ तासांची वेळ वापरते. लष्कराचीही पद्धत हीच. फक्त तेथे १७३० असे सलग लिहितात, रेल्वे १७:३० लिहिते. तासाचा आकडा १३ ते २३ असल्यास त्यातून १२ वजा करावेत. २१:४५ म्हणजे रात्रीचे पावणेदहा. १२:३० मात्र दुपारचे साडेबाराच.

खरी फसगत मध्यरात्रीनंतर होते. तेथे बाराऐवजी शून्य येते. समजा, परतीची गाडी १५ तारखेला ००:२० वाजता आहे. तिच्यासाठी १४ तारखेच्या रात्रीच स्थानक गाठावे लागते. १५ तारखेला रात्रीचे जेवण उरकून निघालेल्याची गाडी जवळपास एक दिवस आधीच गेलेली असते, आणि निश्चित आरक्षणाचे पैसेही तेव्हा सहसा परत मिळत नाहीत.

यात दोष केवळ निष्काळजीपणाचा नाही. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, त्यामुळे सोमवारची रात्र पहाटेपर्यंत सोमवारचीच मानण्याची सवय जुनी आहे. रेल्वेची तारीख मध्यरात्रीच पालटते. महामहमचे मुख्य स्नान सिंह राशीतील गुरू आणि मघा नक्षत्र पाहून ठरते. म्हणजे स्नानाचा दिवस पंचांगावरून आणि परतीची रात्र रेल्वेच्या घड्याळावरून, असा दुहेरी हिशेब भाविकाला ठेवावा लागतो. ०० ते ०४ दरम्यानच्या गाडीचे तिकीट काढताना आदल्या दिवसाची तारीखही त्यावर लिहून ठेवणे उत्तम.